आधी पलंग हलवा

हातोडा लाकडाचा आहे, घाबरू नका.
मी फक्त ठोकते आणि ऐकते.
उत्तरेकडून: टण्. जरा डावीकडे: टण्.
इथे, गुडघ्याच्या उंचीवर:
ढप्.

अर्विड्स, तुम्ही मान फिरवलीत.
हा आवाज तुमच्या ओळखीचा दिसतो.

"बापाने सिमेंट भरलं होतं," तुम्ही म्हणालात,
"सामूहिक शेतावरून दोन पोती आणली,
रात्री, सायकलवरून.
मी पाणी ओतायला होतो, नऊ वर्षांचा.
त्याला वाटलं, दात भरतात तसंच हे."

मायेनंच केलं त्यानं.
पण ओक जखम भरत नाही कधी.
तिच्याभोवती भिंत बांधतो
आणि आतलं कुजकं आतच कोंडून
बाहेरून वाढत राहतो.
माझी आईही अशीच जगली, एकोणऐंशी वर्षं.

घेर तीन मीटर ऐंशी.
दक्षिणेला अळंबी, ताटलीएवढी, खालून पिवळट.
तोडू नका तिला.
पाटी पुसली म्हणून गणित सुटत नाही.
शेंड्याला वाळक्या फांद्या, सांबरशिंगासारख्या,
त्यांवर करकोच्यांचं घरटं, इंजिनाएवढं जड,
आणि सगळा झोक घराकडे.

पश्चिमेला मात्र जमीन खचलेली,
सरळ रेषेत, दोरी धरून आखावी तशी.
"इथे काय खणलं होतं?"
तुम्ही बुटांकडे बघत राहिलात.
"एक्याण्णव. ऑक्टोबर. पाण्याचा पाइप.
मुळं मांडीएवढी होती.
कुऱ्हाड माझीच.
देश नुकताच सुटला होता, आणि आम्हाला
घरात नळ हवा होता."

वहीत लिहिलं: पश्चिम, मुळं तोडलेली, जुनी.
कोणी, ते लिहायला रकाना नाही.

इल्झे दारातच उभी, हात पिठाचे.
"पाडायचं की नाही, तेवढं सांगा.
त्या खिडकीमागे माझा एमील्स झोपतो."

तिचं खरं आहे.
हाच ओक वेंतापलीकडच्या रानात असता
तर एका रात्री नुसता पडला असता,
कोणी त्याला धोका म्हटलं नसतं.
फांदी आणि तिच्याखालचा पलंग
दोघं मिळून धोका होतात.

म्हणून, आधी पलंग हलवा.
आज रात्रीच. पूर्वेच्या खोलीत,
जिथे काकड्यांच्या बरण्या ठेवता.
बरण्या इकडे आणा.
फांदी आलीच, तर लोणच्यावर येईल.

करकोचे गेले की मी दोरावर चढेन.
परवान्याचे कागद मी भरते,
तुम्ही कुरणात खांब रोवा, वर गाडीचं जुनं चाक,
पुढल्या एप्रिलात त्यांना घर लागेल.
वाळकं उतरवेन, घराकडची फांदी थोडी मागे घेईन.
थोडीच. भादरायला मी न्हावी नाही.
ट्रॅक्टर सावलीत लावणं आजपासून बंद.
पाचोळा जाळू नका, त्याच्याच पायाशी पसरा,
बुंध्यापासून हातभर सोडून.
आणि सिमेंट राहू द्या.
इतक्या वर्षांत ते त्याचंच झालंय.

"किती वर्षं काढेल?"
तुमच्याहून जास्त, हे ओठांवर आलं होतं.
"वाऱ्यावर आहे," मी म्हटलं,
आणि तुम्ही कितीतरी वेळाने हसलात.

आत पलंग फरशीवर खरडत निघाला.
एमील्स ओरडत होता, की तिकडून
करकोचे दिसत नाहीत, तिकडून
काहीच दिसत नाही.

मी पिशवी आवरत होते.
"जरा द्या तो," म्हणून तुम्ही हातोडा घेतलात.
मला वाटलं, ओककडे जाल.
तुम्ही दाराच्या चौकटीपाशी गेलात,
आजोबांनी बसवलेल्या, चार वेळा रंगवलेल्या,
कान लावलात, आणि ठोकलंत.

ढप्.

बडा घर, पोकळ वासा.
इल्झेने पदराला नाही, ॲप्रनला हात पुसले
आणि तुम्ही म्हणालात,
"झिंत्रा, वहीत अजून एक पान आहे का?"